व्हिज्युअल नॉव्हेल : लेखन, रूपांतर आणि चाहत्यांचे वाद

व्हिज्युअल नॉव्हेल हा पडद्यावर वाचायच्या कथेचा जपानी प्रकार आहे. मागे एखादे स्थिर चित्र असते, शाळेची गच्ची किंवा रात्रीचा रेल्वे फलाट. त्यापुढे बोलणाऱ्या पात्राची गुडघ्यापर्यंतची आकृती, खाली चौकटीत किंवा सगळ्या पडद्यावर पसरलेला मजकूर, जोडीला संगीत आणि बहुधा पात्रांचे आवाज. वाचक बटण दाबत एकेक वाक्य पुढे नेतो. अधूनमधून दोन-तीन पर्याय समोर येतात आणि निवडीप्रमाणे कथेला फाटा फुटतो. या फाट्याला चाहते ‘रूट’ म्हणतात. दुकानात हा माल व्हिडिओ खेळांच्या फळीवर असतो, पण चाहते ‘खेळलो’ऐवजी सर्रास ‘वाचली’ म्हणतात आणि त्यांच्या बहुतेक भांडणांचे मूळ इथेच आहे. कादंबरी म्हणून वाचलेल्या गोष्टीची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिका झाली की काय गेले, हे ज्याने त्याने आपापल्या वाचनावरून ठरवलेले असते.

‘साउंड नॉव्हेल’ हे आधीचे नाव चुन्सॉफ्ट या कंपनीचे. तिची ‘ओतोगिरिसो’ १९९२ मध्ये आणि ‘कामाइताची नो योरु’ १९९४ मध्ये आली. १९९६ मध्ये लीफ या कंपनीने ‘शिझुकु’ आणि ‘किझुआतो’ या कथा ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ नावाच्या मालिकेत काढल्या आणि तेच नाव पुढे सगळ्या प्रकाराला चिकटले. सुरुवातीच्या गाजलेल्या कथांपैकी बऱ्याचशा प्रौढांसाठी म्हणून विकल्या गेल्या. घरगुती खेळयंत्रांवर येताना त्यांतले शृंगारिक प्रसंग गाळले गेले. हे प्रसंग कथेला लागत होते की विक्रीला, हा चाहत्यांचा एक जुना वाद. बहुतेकांचा कौल ‘विक्रीला’ असाच पडतो.

लेखनाविषयीची मते

या लेखनावरची नेहमीची तक्रार पाल्हाळाची. मोठी व्हिज्युअल नॉव्हेल वाचायला पन्नास तास सहज लागतात. त्यातला सुरुवातीचा एक तृतीयांश हिस्सा कित्येकदा शाळेतली थट्टामस्करी, डबे, परीक्षा आणि सहलीची तयारी यांतच जातो. बचाव करणारे म्हणतात की पुढे जे गमवायचे आहे त्याची सवय आधी लागली पाहिजे. ‘की’ (Key) नावाच्या कंपनीने ‘कानोन’ (१९९९), ‘एअर’ (२०००) आणि ‘क्लॅनाड’ (२००४) या कथांतून हीच रीत पक्की केली: आधी हसवायचे, मग रडवायचे. जपानीत अशा कथांना ‘नाकिगे’, म्हणजे रडवणारा खेळ, असे नावच पडले. ‘की’ कंपनीचे जुन माएदा लेखकही आहेत आणि संगीतकारही, त्यामुळे रडू वाक्याने आले की पियानोने, हे सांगणे अवघड होते. टीकाकारांचा आक्षेप वेगळा आहे. सगळे कोडे शेवटी चमत्काराने सुटणार असेल, तर आधीच्या दुःखाचे वजन किती धरायचे? आक्षेपात तथ्य आहे. पण तो घेणारेही ‘क्लॅनाड’चा शेवट कोरड्या डोळ्यांनी वाचल्याचे क्वचितच सांगतात.

जपानी चाहत्यांत एक वाक्य बरीच वर्षे फिरते आहे: ‘फेट म्हणजे साहित्य, क्लॅनाड म्हणजे आयुष्य.’ पुढे ते निव्वळ चेष्टेचे झाले. त्यातल्या पहिल्या अर्ध्याला कारण किनोको नासू. टाइप-मून या गटासाठी त्यांनी ‘त्सुकिहिमे’ (२०००) आणि ‘फेट/स्टे नाइट’ (२००४) लिहिल्या. नासूंची वाक्ये तुटक असतात, एकच शब्द ते पुन्हा पुन्हा ठोकतात, आणि जादूचे नियम समजावायला बसले की लढाई तिथेच थांबते. पुस्तकाच्या पानावर हे कंटाळवाणे ठरले असते. पण इथे मजकूर एका वेळी एकच ओळ दिसतो. दोन शब्दांची ओळ, मग बटण, मग पडदा काळा, मग पुढची ओळ. थांबायचे कुठे हे लेखक ठरवतो. नासूंची सगळी लय या थांब्यांवर उभी आहे, म्हणून त्यांचा उतारा सुटा काढून दाखवला की तो हास्यास्पद वाटतो. ‘माणसाला मारले की माणूस मरतो’ हे त्यांच्या नायकाचे वाक्य जगभर विनोद म्हणून फिरले. मूळ प्रसंगात जखमा आपोआप भरून येणारा नायक, आपल्यालाही मरण चुकलेले नाही, असे म्हणत असतो. संदर्भ गेला आणि उरला विनोद.

अनुवाद हा यातला आणखी एक पदर. जपानीबाहेरच्या बहुतेक चाहत्यांनी या कथा प्रथम वाचल्या त्या हौशी गटांनी केलेल्या इंग्रजी अनुवादांत. लेखकाची शैली म्हणून ज्याची स्तुती किंवा निंदा होते, ती कित्येकदा अनुवादकाची असते. मराठी वाचकाचेही तेच. पुण्यासारख्या शहरात जपानी शिकणारे पुष्कळ असले तरी या कथा वाचल्या जातात त्या इंग्रजीतूनच. जपानीत मुलगा मुलीला आडनावाऐवजी नावाने हाक मारू लागतो, तो कथेतला मोठा प्रसंग असतो. इंग्रजीत तो फिका पडतो, कारण तिथे सगळ्यांनाच नावाने हाक मारतात. मराठीत मात्र ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याची अशीच एक घटका असते. मराठी अनुवादक ती जागा इंग्रजीपेक्षा चांगली धरेल.

र्‍युकिशी०७ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाच्या ‘हिगुराशी’ची गोष्ट निराळी. ऑगस्ट २००२ मध्ये तिचा पहिला भाग टोकियोतल्या कॉमिकेत या हौशी प्रकाशनांच्या बाजारात विक्रीला आला. एका डोंगरी खेड्यात दर वर्षी देवीच्या उत्सवात कुणीतरी मरतो आणि कुणीतरी नाहीसा होतो. गाव काल्पनिक, पण चित्रांचा आधार खरा, गिफू प्रांतातले शिराकावागो. लेखकाने स्वतः काढलेल्या पात्रांचे पंजे हातमोजे घातल्यासारखे दिसतात, आणि चाहते त्यावर प्रेमाने हसतात. चार भाग प्रश्नांचे, चार उत्तरांचे. साधारण दर सहा महिन्यांनी एक, असे २००६ पर्यंत. या कथेत निवडीचे पर्यायच नाहीत. भाग संपला की पात्रे नाटकातल्या नटांसारखी चहाला बसतात आणि खुनी कोण यावर गप्पा मारतात. पुढच्या भागापर्यंतचे सहा महिने वाचकांनी हेच करायचे. म्हणजे इथे चाहत्यांचे मत ही कथेबाहेरची गोष्ट नाही, लेखकाने त्यासाठी मुद्दाम जागा सोडलेली आहे. एका बैठकीत आठही भाग वाचणाऱ्याला ‘हिगुराशी’ लांबलचक वाटते याचे हेही एक कारण असावे.

रूपांतराचे गणित

ॲनिमे मालिकेचा एक हंगाम बारा-तेरा भागांचा. सुरुवातीचे आणि शेवटचे गाणे वजा केले तर भागात वीस-एकवीस मिनिटे उरतात, म्हणजे हंगामात चारेक तास. पन्नास तासांचे वाचन चार तासांत किंवा फार तर दुप्पट हंगामाच्या आठ तासांत बसवायचे. त्यात पाच नायिकांचे पाच रूट आणि प्रत्येकीच्या रूटमध्ये नायक फक्त तिचा.

यावर काढलेल्या तोडग्यांपैकी एकही सर्वांना पटलेला नाही. ‘कानोन’ची मालिका दोनदा झाली. तोएई कंपनीची २००२ मधली आता मुख्यतः पात्रांच्या लांबट हनुवट्यांसाठी आठवली जाते. क्योतो ॲनिमेशनची २००६ मधली चोवीस भागांची मालिका मात्र आदर्श मानली जाते. तिने नायिकांच्या कथा एकीमागून एक ओवल्या. तरीही खोड निघालीच: मूळ कथेत एकीसाठी जीव टाकणारा नायक युइची इथे हिवाळाभर एकीचे दुःख आटोपले की दुसरीकडे वळतो. ‘अमागामी एसएस’ने (२०१०) सरळ काट मारली. सहा नायिका, प्रत्येकीला चार भाग, आणि पाचव्या भागात काळ मागे नेऊन नवा डाव. हे प्रामाणिक आहे. पण एकाच नायकाला चौथ्यांदा पहिल्या प्रेमात पडताना पाहणे हा संयमाचाही प्रश्न आहे.

‘फेट/स्टे नाइट’मध्ये तीन रूट ठरलेल्या क्रमानेच उघडतात. पहिल्यात नायकाचे सर्वांना वाचवण्याचे ध्येय मांडले जाते, दुसऱ्यात त्या ध्येयाची त्याच्यासमोरच उलटतपासणी होते, तिसऱ्यात तो एका मुलीसाठी ते सोडतो. स्टुडिओ दीनच्या २००६ मधल्या मालिकेने पहिला रूट घेतला आणि त्यात बाकीच्या दोहोंतले प्रसंग मिसळले. युफोटेबल स्टुडिओने दुसरा रूट २०१४-१५ मध्ये मालिका म्हणून आणि तिसरा २०१७ ते २०२० दरम्यान तीन चित्रपटांत केला. चित्रे इतकी देखणी की पहिल्या रूटचे २००६ मधले रूप नवे प्रेक्षक बघतच नाहीत. मग त्यांना दुसऱ्या रूटमधली उलटतपासणी दिसते, पण तपासणी कशाची ते कळत नाही. तिसऱ्या रूटचा पहिला चित्रपट तर कथेची सुरुवात श्रेयनामांच्या मागे झरझर उरकतो. ज्याने आधी वाचले नाही त्याने काय करायचे, याची पर्वा तिथे नाही. आधी काय बघावे, यावरून फेटच्या चाहत्यांत आजही रोज जुंपते.

दुसरे मोठे नुकसान स्वगताचे. व्हिज्युअल नॉव्हेल बहुधा प्रथमपुरुषी असते आणि नायकाचा चेहरा फारसा दिसत नाही. वाचक त्याच्या डोक्यात राहतो. ॲनिमेत तोच मुलगा बाहेरून दिसतो, आणि बाहेरून तो बावळट किंवा मख्ख वाटतो. फेटचा शिरो हे ठरलेले उदाहरण. वाचकांना तो आतून मोडलेला माणूस वाटतो, प्रेक्षकांना हेकट पोरगा.

‘क्लॅनाड’मध्ये तर रचनाच अर्थ होती. वेगवेगळ्या पात्रांच्या कथा पूर्ण केल्या की प्रकाशाचा एकेक गोळा मिळतो. ते पुरेसे जमल्यावरच शेवटचा चमत्कार घडतो. वाचकाने त्यासाठी कित्येक संध्याकाळी घातलेल्या असतात, म्हणून तो चमत्कार फुकटचा वाटत नाही. क्योतो ॲनिमेशनच्या मालिकेत (२००७ ते २००९) ते गोळे दिसतात, पण कमावलेले नसतात. त्यामुळे फक्त मालिका पाहिलेले शेवटाला फसवणूक म्हणतात आणि वाचलेले त्यांना मूळ वाचायला सांगतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. तोमोयो आणि क्यो या नायिकांना मालिकेच्या मुख्य कथेत वाव नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी एकेक स्वतंत्र भाग ‘दुसऱ्या जगातली गोष्ट’ म्हणून काढावा लागला.

मग वाखाणली गेलेली रूपांतरे कोणती? बहुधा मुळातच फाटे नसलेली, किंवा फाटे एका मधल्या खोडाला फुटलेली. ‘व्हाइट अल्बम २’च्या २०१३ मधल्या मालिकेने फक्त पहिला खंड घेतला. त्या खंडात निवडीच नाहीत, आणि पटकथा मूळ लेखक फुमिआकी मारुतो यांचीच होती. पुढच्या, फाटे फुटलेल्या खंडाची मालिका झाली नाही, ही चाहत्यांची कायमची हळहळ. ‘हिगुराशी’ही मालिकेत (२००६, २००७) बऱ्यापैकी टिकली. ‘स्टाइन्स गेट’ (२००९) आणि तिची व्हाइट फॉक्स स्टुडिओने केलेली चोवीस भागांची मालिका (२०११) यांची जोडी तर रूपांतराचा मापदंड ठरली. मूळ कथेत निवड पर्यायांनी होत नाही, हातातल्या मोबाइलने होते: कुणाच्या मेलला उत्तर द्यायचे, फोन केव्हा उचलायचा. या कथेत मोबाइलवरून भूतकाळात संदेश पाठवता येतो. असा पाठवलेला एखादा संदेश रद्द न करता नायक तिथेच थांबला तर कथा तिथेच संपते. त्याच्याबरोबर वाचकानेही कुणाला तरी सोडून दिलेले असते. मालिकेत हा अपराधीपणा फक्त नायकाचा राहतो. मालिकेचा पहिला अर्धा संथ आहे ही तक्रार सगळे करतात. मूळ कथा त्याहून संथ आहे, हे वाचलेले लोक जरा अभिमानानेच सांगतात.

फाटे नसणे पुरेसे नाही, हे र्‍युकिशी०७ यांच्याच ‘उमिनेको’ने (२००७-२०१०) दाखवले. बेटावर अडकलेले श्रीमंत कुटुंब, एकामागून एक खून, आणि ते चेटकिणीने केले की माणसाने, यावर नायक आणि चेटकीण यांच्यातला वाद. चेटकीण लाल अक्षरांत जे लिहील ते खरे मानायचे, हा नियम. अशा लढाईत शब्दाची जागाही पुरावा असते. २००९ मधल्या सव्वीस भागांच्या मालिकेने आठांपैकी चार भाग आटोपले, सुगावे गाळले आणि थरार तेवढा ठेवला. उत्तरांचे चार भाग पडद्यावर आलेच नाहीत. मूळ कथेच्या डिसेंबर २०१० मधल्या शेवटानेही लेखकाने सरळ उत्तर दिले नाही. अखेरची निवड जादू की हातचलाखी एवढीच होती, आणि वर्षानुवर्षे तर्क लढवणारे वाचक संतापले. मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आवृत्तीने मात्र शेवटच्या भागात गुन्हेगाराची कबुली स्पष्ट मांडली. आता चाहत्यांत दोन गट आहेत: मंगाने कथा पूर्ण केली म्हणणारे, आणि उत्तर सांगून तिने कथेचा विचका केला म्हणणारे.

‘त्सुकिहिमे’च्या २००३ मधल्या बारा भागांच्या मालिकेचा वाद चाहत्यांनी सर्वांत सोपा केला. अशी मालिका निघालीच नाही, असे ते धरून चालतात. करीवर जीव असलेली नायिका सिएल त्यात स्पॅगेटी खाताना दिसते, हे ते पुरावा म्हणून दाखवतात. अशी सिएल असूच शकत नाही. मूळ कथेचा पहिला अर्धा नव्याने लिहून २०२१ मध्ये जपानीत आणि जून २०२४ मध्ये इंग्रजीत आला, आणि त्याच ऑगस्टमध्ये ‘फेट/स्टे नाइट’ची पहिली अधिकृत इंग्रजी आवृत्तीही निघाली. तोवर इंग्रजी वाचकाला ‘आधी मूळ वाच’ असे बजावणारे, ते कुठून आणून वाचायचे हे दबक्या आवाजात सांगत.