ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्यास अनिच्छा

संगणकाची सवयीची ऑपरेटिंग सिस्टिम सोडून दुसरी, किंवा तिचीच नवी आवृत्ती, घेण्याबाबत सर्वसामान्य वापरकर्त्यांत आढळणारी नाखुशी. विंडोज एक्सपी (२००१) हे तिचे ठळक उदाहरण. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचे सर्वसाधारण साहाय्य थांबविले, तरी पुढेही ती बऱ्याच कार्यालयांत चालू राहिली.

या वृत्तीच्या कारणांविषयी एकमत नाही. अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये क्वर्टी या प्रचलित इंग्रजी कळफलकाच्या आधारे असे मांडले, की आधी रुळलेले साधन, सरस पर्याय आला तरी, सहसा हटत नाही. सरस पर्याय म्हणजे येथे ऑगस्ट ड्वोरॅक यांनी अक्षरांची मांडणी बदलून केलेला ड्वोरॅक कळफलक (पेटंट १९३६). लीबोविट्झ व मार्गोलिस या अर्थतज्ज्ञांनी १९९० मध्ये हे सरसपणच अमान्य केले. अमेरिकी नौदलाच्या अनुकूल चाचण्यांशी खुद्द ड्वोरॅक यांचा संबंध असावा, आणि १९५६ च्या स्ट्राँग यांच्या चाचणीत तसा लाभ दिसला नाही, हा त्यांचा मुद्दा. पुराव्यापुरता तो वजनदार आहे. बदलासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र त्याने खोटी ठरत नाही. सॅम्युएलसन व झेकहाउझर (१९८८) या अर्थतज्ज्ञांनी दाखविलेला ‘आहे ते राहू द्यावे’ हा कल येथे अधिक लागू पडतो. कारण बहुतेकांनी ऑपरेटिंग सिस्टिम मुळात निवडलेलीच नसते, ती यंत्राबरोबर येते.

मराठी मुद्रणव्यवसायात या किमतीचे स्वरूप स्पष्ट दिसते. युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक संकेतांक देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. असा फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली, की पत्रिकेच्या मजकुराऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाँटची फाईल लिनक्सवर (विंडोजला पर्यायी असलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर) नेता येते. पण श्रीलिपी, आयएसएम यांसारखी टंकनाची पॅकेजे प्रामुख्याने विंडोजसाठी होती. शिवाय टाइपरायटरच्या कळपाटावर बोटे बसलेल्या टंकलेखकाला इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक नव्याने शिकावा लागतो. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा इनस्क्रिप्टच्या प्रसारात मोठा वाटा आहे. त्याच संस्थेने बॉस लिनक्स ही लिनक्सची भारतीय आवृत्तीही तयार केली. तिचा वापर मुख्यतः सरकारी क्षेत्रात झाला.

जर्मनीत म्युनिक महापालिकेने २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरविले. काहींच्या मते इतर कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण अडत होती. काही २०१४ मधील महापौरबदलाकडे बोट दाखवितात. दुसरे मत अगदीच गैरलागू दिसत नाही. केरळच्या सरकारी शाळांत मात्र लिनक्स टिकली.