एका सेकंदात साठ रांगोळ्या

बारावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात माझा भाचा ठाण्याच्या वर्तकनगरहून ऐरोलीला माझ्या घरी आला, हातात एक कागद घेऊन. साठ हजारांत गेमिंग पीसी कसा बसवायचा याचा हिशेब होता तो. आठ कोअरचा (हिशेब करणाऱ्या आठ स्वतंत्र भागांचा) प्रोसेसर, काचेचं कॅबिनेट, रंग बदलणारे पंखे आणि राहिलेल्या पैशांत बसेल ते ग्राफिक्स कार्ड. "आत्या, यावर गेम मस्त चालतील ना?" मी विचारलं, "स्क्रीन कोणता आहे?" तो म्हणाला, "बाबांचा जुनाच. त्याचा काय संबंध?"

सगळा संबंध त्याचाच आहे. बाबांचा मॉनिटर फुल एचडी, म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला की २०,७३,६०० ठिपके होतात. हा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवायचे. एकेका ठिपक्यासाठी उजेड कुठून येतोय, भिंत खडबडीत आहे की गुळगुळीत, सावली कुणाची पडलीय, असं सगळं गणित करावं लागतं. एका चित्राला वेळ मिळतो १६.७ मिलिसेकंद. पापणी लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

हे काम कोण करतं, ते ठाणेकराला सांगणं सोपं आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला गावदेवी मैदानावर भली मोठी रांगोळी काढतात. आखणी करणारे हात थोडे आणि कसलेले. डोळा कुठे, पदर कुठे, हे ते ठरवतात. मग रंग भरायला पुष्कळ जण बसतात. प्रत्येकाचं काम सोपं, आपल्यापुरतं, आणि सगळ्यांचं एकाच वेळी चाललेलं. कॉम्प्युटरमध्ये आखणीचं काम प्रोसेसरचं. शत्रू कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडलं की नाही, हे तो ठरवतो. (दुकानात अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतात, पण खरा सीपीयू म्हणजे आतली ही एवढीशी चिप.) रंग भरतं ते ग्राफिक्स कार्ड. रायझन ५ ५६०० या प्रोसेसरमध्ये कोअर सहा, तर आरएक्स ६६०० या मध्यम कार्डात रंग भरणारे छोटे गणनघटक १७९२. आणि ही रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून नव्यानं काढायची असते.

आता भाच्याचा कागद पाहा. आखणारे आठ, तेही महागातले, आणि रंग भरायला चार पोरं. आखणी झटक्यात होणार आणि मैदान कोरंच राहणार. उलटही होतं. व्हॅलोरंटसारखा हलका गेम १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरवर खेळायचा असेल तर एका चित्राला जेमतेम ६.९ मिलिसेकंद मिळतात. तिथे रंग कमी आणि आखणीची घाई फार, म्हणून प्रोसेसर दमतो. फोर-के स्क्रीन घेतला तर मैदान चौपट, ८२,९४,४०० ठिपके. आखणी जवळपास तेवढीच राहते, रंगाचं काम मात्र चौपट होतं. म्हणूनच आधी स्क्रीन आणि गेम ठरवायचे आणि तिथून मागे मोजत यायचं. तयार मशीनमध्ये अडतंय कुठे, हे तपासणंही अवघड नाही. गेम चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा वापर शंभर टक्क्यांच्या जवळ दिसला तर कार्ड पूर्ण राबतंय. तो साठ टक्क्यांवर रेंगाळला आणि चित्र तरीही अडखळलं, तर बहुतेक वेळा प्रोसेसर मागे पडतोय.

फुल एचडी, ६० हर्ट्झ आणि साठ हजार, यात मी त्याला सहा कोअरचा प्रोसेसर सुचवला आणि निदान तिसरा हिस्सा, जमल्यास थोडा जास्तच, कार्डावर घालायला सांगितला. ५६०० हा २०२२ सालचा प्रोसेसर, ६६०० हे २०२१ सालचं कार्ड. जुनं म्हणून नाक मुरडण्यासारखं त्यात काही नाही. मैदान तेवढंच आहे.

कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे रंगवणाऱ्याच्या मांडीशी ठेवलेली रंगांची ताटं. आरएक्स ६६००मध्ये ती ८ जीबी आहे आणि तिच्यातून सेकंदाला २२४ जीबी माल उचलता येतो. ताटं अपुरी पडली की मैदानाबाहेरच्या कोठारातून, म्हणजे कॉम्प्युटरच्या रॅममधून, आणावं लागतं. तो रस्ता या कार्डाला सेकंदाला साधारण १६ जीबीचा, चौदापट अरुंद. खेळता खेळता मध्येच चित्राला आचका बसतो, त्याचं एक मोठं कारण हेच. गेममधली टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांची) सेटिंग एक पायरी उतरवली की बहुधा तो जातो. ४ जीबीचं नवं कार्ड स्वस्त मिळालं तरी आज मी घेणार नाही.

रॅम १६ जीबी हवी, पण ८-८च्या दोन पट्ट्यांत. ३२०० गतीच्या, डीडीआर-४ प्रकारच्या रॅमच्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी वाहतात. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन वाटा मिळतात आणि ५१.२ जीबी वाहतात. २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या, कारण एआयच्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी अफाट वाढली. माझ्या घराजवळ ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या (सर्व्हर ठेवायच्या) बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. वर्तकनगरच्या पोराला रॅमची पट्टी महाग पडते, त्याचा एक धागा तसल्या इमारतींपर्यंत जातो, हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

ज्यांच्याकडे साठ हजार नाहीत त्यांनी हिरमुसू नये. रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. ते रॅममधूनच माल उचलतं, त्यामुळे तिथे दोन पट्ट्यांचा नियम अजिबात मोडू नका. दुसरी वाट ऑफिसातून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपची. मदरबोर्डवरची (सगळे भाग जिथे जोडतात त्या मुख्य पाटीवरची) कार्डाची खाच ७५ वॅटपर्यंत वीज देते आणि ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० या जुन्या कार्डाचा मूळ आराखडा तेवढ्यातच भागतो, वेगळी वायर लागत नाही. (वायरची खाच असलेली मॉडेलही बाजारात आहेत, ती टाळा.) नवीन ४ जीबी नको म्हणाले, पण जुन्या डब्यात जुनं कार्ड हा हिशेब वेगळा. डबा अरुंद असेल तर कार्ड बुटक्या उंचीचं बघावं. आणि इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा हवा, कारण विंडोज ११ त्याआधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला.

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, त्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता. एका पावसाळी रात्री तो जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. त्याचं काम म्हणजे घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करणं आणि भार कितीही हलला तरी ते स्थिर ठेवणं. कार्डाची भूक क्षणार्धात उसळते, मिलिसेकंदापुरती नेहमीच्या कितीतरी वर जाते. चांगला एसएमपीएस हा धक्का पचवतो. आरएक्स ६६००साठी निदान ४५० वॅटचा लागतो. आम्ही ५५० वॅटचा, '८० प्लस ब्राँझ' या कार्यक्षमतेच्या शिक्क्याचा घेतला. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर २५० वॅट पुरवताना तो भिंतीतून सुमारे २९४ वॅट ओढतो. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला साधारण २७ युनिट. हा आकडा मी वहिनीला आधीच सांगून टाकला.

आणि ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. शांत बसलेलं माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतं, म्हणजे गेम चालू असताना त्या छोट्या खोलीत आणखी तीन माणसं येऊन बसल्यासारखं. चिपवर बसवलेला पंख्याचा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त चिप आणि हवा यांच्यातलं अंतर आवरतो. २४ अंशांच्या खोलीत ७४ अंशांवर राहणारी चिप ठाण्याच्या मे महिन्यात, ३४ अंशांच्या खोलीत, ८४च्या आसपास जाईल. आणखी तापली की ती स्वतःच वेग कमी करते. म्हणून समोरून काच असलेलं कॅबिनेट बाद केलं. पुढे जाळी, पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा बाहेर टाकणारा. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांनी जाळीची धूळ महिन्याला झाडावी. धुळीचा थर हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांवर बसला की गोधडी पांघरल्यासारखं होतं.

दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या बाजारात अर्धा दिवस हिंडलो. पक्कं जीएसटी बिल आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर, एवढंच मी धरून बसले. दोनशे-चारशे रुपये सोडले. वॉरंटी त्या नंबरावर मिळते.

जोडणी त्यानं स्वतः केली, चार तास लागले. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळाच. त्याचा चेहरा उतरला. मी मागे डोकावले. मॉनिटरची केबल त्यानं वर, मदरबोर्डच्या खाचेत लावली होती. ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, तर तिथून चित्र येणार कुठून? केबल खाली, कार्डाच्या खाचेत लावली आणि स्क्रीन उजळला. अर्ध्या तासाच्या खेळानंतर त्यानं कार्डाचं तापमान पाहिलं, ७८ अंश. मागचा पंखा भिंतीला जवळजवळ टेकला होता. मी काही बोलायच्या आत त्यानं टेबल वीतभर पुढे ओढलं, खिडकी उघडली आणि आकडा उतरतोय का ते बघत बसला.