जहाजप्रतिकृती-बांधणी

जहाजप्रतिकृती-बांधणी : खऱ्या जहाजाची, ठरलेल्या प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती हाताने बांधण्याचा छंद. प्रतिकृती लाकडाची, प्लॅस्टिकची, पुठ्ठ्याची किंवा धातूची असते. काही काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी बांधतात, काही तळ्यात चालवण्यासाठी. या नोंदीत भर आहे तो शिडांच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींवर, कारण छंदाचा खरा कस तिथे लागतो. खेळण्यातली होडी आणि प्रतिकृती यांत मूळ फरक एवढाच, की प्रतिकृतीतल्या कोणत्याही तुकड्यावर बोट ठेवून ‘हा इथे का?’ असे विचारले तर बांधणाऱ्याला उत्तर देता यायला हवे.

लहान नौका घडवण्याची हौस फार जुनी आहे. इजिप्तमध्ये थीब्ज येथे मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली वल्हेकऱ्यांसह घडवलेल्या लाकडी नौका सापडल्या. त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. लोथलच्या उत्खननातही मातीच्या छोट्या नौका मिळाल्या. युरोपात किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये नवसाची जहाजे टांगण्याची रीत होती आणि डेन्मार्कमध्ये अशी शेकडो जहाजे आजही छताखाली लोंबकळताना दिसतात. रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयातली ‘मातारो’ प्रतिकृती अशीच नवसाची, पंधराव्या शतकातली. त्या काळची जहाजे कशी बांधत याचे कागदोपत्री पुरावे फारच थोडे असल्याने अभ्यासकांच्या दृष्टीने ती मोलाची आहे. कुणीतरी श्रद्धेने टांगलेली वस्तू पुढे पुरावा ठरली.

छंदाची आजची घडण मात्र सतराव्या शतकातल्या इंग्लंडकडून आली. तिथल्या नौदलाच्या मंडळासाठी बांधलेल्या प्रतिकृतींना ‘नेव्ही बोर्ड मॉडेल’ म्हणतात. त्या बहुधा १:४८ प्रमाणात असत, म्हणजे खऱ्या एका फुटाला पाव इंच. पाण्याखालच्या भागावर फळ्या न ठोकता बरगड्या उघड्या ठेवण्याची त्यांची पद्धत होती. नासपती आणि बॉक्सवुडसारखे बारीक पोताचे लाकूड, नाळेवरचे (जहाजाच्या पुढच्या टोकावरचे) सोनेरी कोरीवकाम, आत नजर जेमतेम पोचेल अशा दालनांत केलेली नक्षी हे सगळे पाहताना माणूस बोलायचा थांबतो. डायरीकार आणि नौदलाचे प्रशासक सॅम्युएल पेपिस यांनाही अशा प्रतिकृती जमवण्याचा नाद होता. ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे आणि अमेरिकेत अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत (हेन्री हडलस्टन रॉजर्स यांच्या संग्रहात) त्यांचे उत्तम नमुने आहेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. या प्रतिकृतींतली बरगड्यांची मांडणी शोभेसाठी सुबक केलेली आहे. गोदीत खऱ्या बरगड्या तशा बसवत नसत. प्रतिकृती डोळे झाकून खरी मानली, तर ती चुकीचेही शिकवते.

याच्या अगदी उलट परिस्थितीत जन्मलेली परंपरा युद्धकैद्यांची. फ्रान्सशी चाललेल्या युद्धांत (१७९३–१८१५) इंग्लंडमध्ये हजारो कैदी वर्षानुवर्षे अडकून पडले. पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये त्यांच्यासाठी खास छावणी उघडली. कैद्यांच्या हाती होते काय? शिध्यातल्या मांसाची उरलेली हाडे, पेंढा, दोऱ्याचे तुकडे, केस. ती हाडे उकळून, साफ करून, घासून त्यांच्या पातळ पट्ट्या केल्या जात आणि आतल्या लाकडी गाभ्यावर बारीक खिळ्यांनी बसवल्या जात. खालची दोरी ओढली की तोफा आत सरकतात, अशीही सोय काही जहाजांत आहे. छावणीच्या फाटकापाशी भरणाऱ्या बाजारात ही जहाजे विकली जात. समोर नकाशे नव्हते, बहुतेकांनी आठवणीवरच बांधले. म्हणून डोलकाठ्या जरा जास्तच उंच, तोफा जरा जास्तच मोठ्या दिसतात. गिऱ्हाईक इंग्रज असल्याने अनेकदा जहाजाला इंग्रजी नाव देत. मोजमापाच्या कसोटीवर ही जहाजे उतरत नाहीत. तरीही हातांचे कसब आणि मनाचा टिकाव यांचे इतके थेट चिन्ह या कलेत दुसरे क्वचितच सापडेल, आणि पीटरबरोच्या संग्रहालयात ती आवर्जून पाहावीत.

विसाव्या शतकात हा छंद सर्वसामान्य घरांत आला तो किटमुळे. इटली, स्पेन, डेन्मार्क, अमेरिका येथील कंपन्यांनी कापलेली लाकडे, पितळी सामान आणि नकाशे एका खोक्यात विकायला सुरुवात केली. प्लॅस्टिकमध्ये एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची ‘गोल्डन हाइंड’ १९५२ मध्ये आली. जपानमध्ये १९७१ पासून शिझुओकाच्या कंपन्यांनी एकत्र येऊन १:७०० प्रमाणातली, पाण्याच्या रेषेपासून वरचाच भाग दाखवणारी युद्धनौकांची मालिका सुरू केली. त्या प्रमाणात उभा माणूस अडीच मिलिमीटरचा होतो. १:४८ मध्ये तोच साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जातो. प्रमाण निवडणे म्हणजे काय दाखवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे सर्वाधिक बांधले जाणारे जहाज असावे. त्याचा तोफांचा मजला ५७ मीटरांच्या जवळपास आहे, म्हणजे १:७२ मध्ये नुसता तेवढाच भाग ७९ सेंटिमीटर. पुढची आडवी काठी आणि उंच डोलकाठ्या धरल्या, तर हे जहाज ठेवायचे कुठे हा प्रश्न पहिल्या फळीच्या आधीच घरात विचारला जातो.

बांधणीच्या मुख्य पद्धती दोन. सोप्या पद्धतीत मधल्या कण्यावर आडवे पाट उभे करून त्यांवर फळ्या बसवतात. बहुतेक किट याच पद्धतीचे असतात. दुसरीत खऱ्या जहाजाप्रमाणे एकेक बरगडी तुकड्यांतून जोडून तळाच्या कण्यावर उभी करतात. या कण्याला आपल्याकडचे नाववाले ‘पठाण’ म्हणतात. पद्धत कोणतीही असो, नवशिका अडतो तो फळ्यांपाशी. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा आणि नाळेकडे लहान असतो, पण फळ्यांच्या रांगा दोन्हीकडे तेवढ्याच हव्यात. मधे पाच मिलिमीटर रुंद असलेली फळी नाळेपाशी तीनपर्यंत निमुळती करावी लागते. हे न करता सरळ पट्ट्या चिकटवत गेले की त्या एकमेकींवर चढतात किंवा वळून उभ्या राहतात. म्हणून जाणकार आधी पाटांच्या कडा घासून उतार देतात, एक लवचीक पट्टी सगळ्या पाटांवरून फिरवून ती कुठे टेकत नाही ते पाहतात, आणि मगच पहिली फळी पाण्यात भिजवून, उष्णता देऊन वाकवतात. घाईने केलेली कामे रंगाखालूनही दिसतात.

लाकडाचाही असाच पेच. सागाच्या जहाजाची प्रतिकृती सागाची करावी असे सहज वाटते. पण सागाचे रेषे ठळक असतात आणि १:४८ मध्ये ते बोटभर रुंद भेगांसारखे दिसतात. खरे लाकूड लहान प्रमाणात खोटे दिसते, म्हणून बारीक पोताचे दुसरे लाकूड घ्यावे लागते. फळ्यांमधली डांबराची रेघ दाखवायला कडेला पेन्सिल फिरवतात किंवा काळा कागद घालतात. लाकडी मेखांसाठी बांबूच्या काड्या लोखंडी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून केसासारख्या बारीक करतात.

मग दोरीकाम. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे जाड दोर आणि त्यांवर खलाशांना चढायला बांधलेल्या आडव्या दोऱ्या ही शिडाच्या जहाजाची ओळख. खऱ्या जहाजावर या पायऱ्यांमध्ये फूट-सव्वा फूट अंतर असे, म्हणजे १:७२ मध्ये साधारण पाच मिलिमीटर. प्रत्येक पायरी प्रत्येक उभ्या दोराला क्लोव्ह हिचच्या गाठीने बांधायची. तीन मजली जहाजावर गाठी हजारांच्या घरात जातात. मागे रेघा मारलेला कागद अडकवायचा, चिमट्याने दोरा दोराभोवती फिरवायचा, गाठ हलकेच बसवायची. जोर जरा जास्त झाला की उभे दोर आत ओढले जातात आणि शिडी मध्येच कंबर आवळल्यासारखी दिसते. मग सोडून पुन्हा. दोरा आधी मधमाशांच्या मेणावरून ओढून घेतात, म्हणजे त्याची लव बसते. हौशी लोक छोट्या यंत्रावर दोर स्वतःच वळतात, कारण पीळ उजवा की डावा हेही जहाजावर ठरलेले असे. ज्याला हे काम कंटाळवाणे वाटते त्याने तळ्यातल्या बोटींकडे वळावे. त्यात कमीपणा नाही.

हा छंद एकट्याने करायचा असला तरी एकट्याने शिकता येत नाही. म्हणून क्लब, स्पर्धा आणि अभ्यासमंडळे उभी राहिली. अमेरिकेत ‘नॉटिकल रिसर्च गिल्ड’ १९४८ पासून आहे. युरोपात ‘नाविगा’ हा महासंघ १९५९ मध्ये स्थापन झाला. त्याच्या स्पर्धांत शिडांची व वल्ह्यांची जहाजे, यंत्रावरची जहाजे, अगदी लहान प्रतिकृती, बाटलीतली जहाजे, पुठ्ठ्याची जहाजे असे वेगवेगळे वर्ग असतात. पदके ठरलेल्या गुणांवर मिळतात, त्यामुळे एकाच वर्गात अनेकांना सुवर्ण मिळू शकते. ही पद्धत योग्यच आहे: स्पर्धा शेजाऱ्याशी नाही, नकाशाशी आहे. समुदायातली खरी भांडणे वेगळ्या कारणांनी होतात. फ्रेंच नौकाइतिहासकार ज्याँ बुद्रिओ यांच्यासारख्यांनी आयुष्य घालून तयार केलेले नकाशे परवानगीशिवाय वापरून किट विकले जातात. अनेक क्लब अशा किटवर बांधलेले जहाज प्रदर्शनात घेत नाहीत. स्वस्तात मिळते म्हणून ते घेणाऱ्याने, पुढचे नकाशे कोण काढणार याचा विचार करावा.

भारतात एनसीसीच्या नौदल विभागात जहाजप्रतिकृती हा स्पर्धेचा विषय आहे आणि अनेकांच्या हातात करवत व सॅंडपेपर पहिल्यांदा येतो तो तिथे. मुंबईचा या छंदाशी असलेला संबंध मात्र याहून जुना. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागाचे बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. त्याचे पहिले नकाशे ‘जावा’ या जहाजातून मुंबईकडे निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला हरवले, नकाशे गेले आणि नवी प्रत पाठवावी लागली. ‘कॉन्स्टिट्यूशन’ अमेरिकन छांदिष्टांचे लाडके जहाज आहे. ते बांधणाऱ्या मराठी माणसाने शेजारी ‘ट्रिंकोमली’लाही जागा द्यावी.

मराठा आरमाराच्या गुराबा-गलबतांची प्रतिकृती करणे याहून अवघड. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांच्या वर्णनानुसार तीन डोलकाठ्यांचा गुराब सुमारे ३०० टनांचा, दोन काठ्यांचा १५० टनांपर्यंतचा. पाण्यात फार खोल न बुडणारा. नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे आलेली, आणि तिच्या मागच्या आडव्या भिंतीतल्या भोकांतून पुढे मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत क्वचितच ७० टनांवर जाई, आणि त्याला ४० ते ५० वल्ही असत. एवढ्यावर बरगडीचा बाक ठरत नाही, फळीची जाडी ठरत नाही, परबाणाची (शीड बांधायच्या आडव्या काठीची) लांबीही नाही. बांधणारा कोकणातल्या जुन्या मचव्यांकडे पाहतो, समकालीन चित्रे ताडतो आणि उरलेले अनुमानाने भरतो. म्हणून गुराबाच्या प्रतिकृतीखालच्या पाटीवर जहाजाच्या नावाबरोबर आणखी दोन ओळी असाव्यात: कोणता भाग कोणत्या वर्णनावरून घेतला, आणि कोणता बांधणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने केला.