रिट्रॅक्शन : मेडिकल जर्नलने छापलेला पेपर मागे घेणं

रिट्रॅक्शन म्हणजे जर्नलने एकदा छापलेला रिसर्च पेपर "यातल्या निष्कर्षांवर आता भरवसा ठेवू नका" असं जाहीर करून मागे घेणं. मागे घेतला म्हणून पेपर गायब करत नाहीत, तो वेबसाइटवर तसाच राहतो, फक्त त्याच्यावर ठळक शिक्का मारतात आणि कोण मागे घेतंय, का घेतंय याची वेगळी नोटीस छापतात, जी पैसे न भरता कोणालाही वाचता आली पाहिजे. कारण तोपर्यंत बाकीच्यांनी त्या पेपरचे संदर्भ देऊन झालेले असतात आणि पानच फाडून टाकलं तर मागून येणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते कळणार कसं?

टेबलात आकडा चुकला असेल तर नुसतं करेक्शन पुरतं. संशय आहे पण चौकशी संपलेली नाही, तर 'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न', म्हणजे जपून वाचा अशी पाटी. रिट्रॅक्शन त्याच्या पुढचं: बनवलेला डेटा, उचलेगिरी, एकच पेपर दोन ठिकाणी छापणं, एथिक्स कमिटीची परवानगी नसणं, किंवा निष्कर्षच कोसळेल एवढी पण प्रामाणिक चूक. हा शेवटचा प्रकार लोक विसरतात आणि रिट्रॅक्शन म्हटलं की लगेच चोर ठरवून मोकळे होतात. संपादकांनी यात कसं वागावं याच्या गाइडलाइन्स कोप (COPE, कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स) नावाची संस्था काढते, १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही मेडिकल संपादकांनीच ती सुरू केली. पण संपादक काही पोलीस नाही, तो आधी लेखकांना विचारतो, उत्तर पटलं नाही तर त्यांच्या कॉलेजला किंवा हॉस्पिटलला चौकशी करायला सांगतो, आणि ज्यांचं स्वतःचं नाव खराब होणार तेच चौकशी करणार म्हटल्यावर प्रकरण रेंगाळतं.

किती रेंगाळावं? फेब्रुवारी १९९८ मध्ये 'द लॅन्सेट' या नावाजलेल्या मेडिकल जर्नलने लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा पेपर छापला, मुलं फक्त १२, त्यावरून गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध असू शकतो असं सुचवलं आणि प्रेसने ते उचलून धरलं. पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये ही लस घेणाऱ्या मुलांचं प्रमाण घसरून ८० टक्क्यांच्या आसपास आलं. पत्रकार ब्रायन डीअर मागे लागला तेव्हा २००४ मध्ये बाहेर आलं की लस कंपन्यांवर केस करू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्डला पैसे मिळत होते, आणि हे पेपरमध्ये कुठेच नव्हतं. त्याच वर्षी १० सहलेखकांनी लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा तो अर्थ मागे घेतला, तरी पेपर जागेवरच! शेवटी डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने वेकफील्डच्या विरोधात निकाल दिला (त्यात त्याच्या स्वतःच्या मुलाच्या बर्थडे पार्टीला आलेल्या पोरांना पाच-पाच पौंड देऊन रक्त काढल्याचाही मुद्दा होता) आणि २ फेब्रुवारी २०१० ला लॅन्सेटने पेपर पूर्ण मागे घेतला. नोटिशीत दोन गोष्टी खोट्या निघाल्याचं नेमकं लिहिलंय: मुलं ओळीने, निवड न करता आली होती हे, आणि तपासण्यांना एथिक्स कमिटीची मंजुरी होती हे. १२ मुलांचा पेपर, १२ वर्षं.

दुसऱ्या टोकाला सर्जिस्फिअर, हॉस्पिटल्सचा डेटा आपल्याकडे असल्याचं सांगणारी एक कंपनी. २२ मे २०२० ला त्याच लॅन्सेटमधल्या पेपरने या कंपनीचा ६७१ हॉस्पिटल्स, ९६,०३२ कोविड पेशंट असा दणदणीत डेटा दाखवून सांगितलं की हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने मृत्यू वाढतात. ही तीच गोळी जी आयसीएमआरने मार्चमध्ये आपल्याकडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून सुचवली होती. डब्ल्यूएचओने लगेच स्वतःच्या ट्रायलमधला तो भाग थांबवला. मग कोणीतरी साधी बेरीज केली: पेपरमध्ये ऑस्ट्रेलियातले ७३ मृत्यू, आणि त्या तारखेपर्यंत अख्ख्या देशातच ६७. कंपनीने मूळ डेटा बाहेरच्या तपासणीला दिला नाही, ४ जूनला पेपर मागे, आणि त्याच दिवशी 'न्यू इंग्लंड जर्नल'मधलाही त्याच कंपनीच्या डेटावरचा पेपर मागे.

एवढ्या मोठ्या जर्नलांच्या पीअर रिव्ह्यूमधून, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी पेपर तपासण्यातून, हे सुटतं कसं असं लोक विचारतात. रिव्ह्यूअर बिनपगारी असतो, आपली ओपीडी उरकून रात्री पीडीएफ वाचतो, त्याच्यासमोर टेबलं आणि ग्राफ असतात, पेशंटचे केसपेपर नसतात. पद्धत चुकली तर तो पकडेल, पण पेशंटच खोटे असतील तर? म्हणूनच त्यानंतर लॅन्सेटने नियम केला की एकापेक्षा जास्त लेखकांनी मूळ डेटा स्वतः बघून पडताळलेला हवा. इतकी वर्षं हे लेखी नव्हतं हेच नवल.

आता डोकेदुखी वेगळी आहे, पैसे घेऊन पेपर बनवून देणाऱ्या पेपर मिल्स. २०२३ मध्ये जगभरात १०,००० च्या वर पेपर मागे घेतले गेले, त्यातले बहुतेक एकट्या हिंदावी प्रकाशनाच्या जर्नल्समधले. आपल्याकडेही मेडिकल कॉलेजात प्रमोशन पेपरांवर अडकतं, त्यामुळे गिऱ्हाइकांची कमी नाही.

मागे घेतलेले पेपर नंतरही बिनदिक्कत संदर्भ म्हणून वापरले जातात, कारण कोणाच्या तरी लॅपटॉपवर जुनी पीडीएफ पडलेली असते आणि तिच्यावर शिक्का नसतो. झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर २०१९ पासून रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या साइटच्या यादीशी जुळवून बघतं आणि असा पेपर आपल्या लायब्ररीत असेल तर लाल पट्टी दाखवतं. पबमेड या मेडिकल पेपर शोधायच्या साइटवरही सूचना येते. पीजीच्या थिसिसची संदर्भयादी मात्र बरेचदा सीनियरच्या थिसिसमधून कॉपी-पेस्ट झालेली असते, तिथे कुठली पट्टी दिसणार.