जास्वंदीने मान टाकली: तहान लागली की पाणी जास्त झालं?

एप्रिलच्या दुपारी राजारामपुरीतल्या गच्चीवर कुंडीतली जास्वंद पानं खाली सोडून उभी असते. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची झड संपून कडक ऊन पडतं, तेव्हाही ती हुबेहूब तशीच दिसते. दोन्ही वेळा शेजारच्या काकू म्हणतात, "पाणी घाल की तिला, बघ कशी मान टाकलीया." एप्रिलमध्ये काकूंचं ऐकलं तर झाड वाचतं. ऑगस्टमध्ये ऐकलं तर बहुतेक वेळा हातचं जातं. माझ्या पाहण्यात कोल्हापुरातल्या कुंड्यांमधली जास्वंद तहानेपेक्षा पाण्यानेच जास्त मेली आहे, आणि तीही मायेने घातलेल्या पाण्याने. म्हणून या दोन अवस्था शेजारी ठेवून बघायला हव्यात.

दोन्हींत पान सारखंच का दिसतं, ते आधी बघू. जास्वंदीचं पान ताठ राहतं ते पेशींतल्या पाण्याच्या दाबावर. पानांवाटे पाणी सतत उडून जातं आणि मुळं ते भरून काढतात. मातीत पाणीच नसेल तर भरपाई थांबते, पान लोंबतं. ही झाली तहान. दुसऱ्या अवस्थेत माती पाण्याने भरलेली असते, पण ते ओढून घ्यायला मुळं शिल्लक नसतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा खेळते तोवर ती जगतात. ती पोकळी पाण्याने भरली की प्राणवायू जवळजवळ बंद होतो, कारण हवेच्या मानाने पाण्यातून तो सुमारे १०,००० पटींनी हळू सरकतो. गुदमरलेल्या मुळांवर मग पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे बुरशीसदृश रोगजंतू बसतात आणि मूळकूज सुरू होते. झड असेपर्यंत हवा दमट असते, पानांतून पाणी फारसं उडत नाही, म्हणून काही कळत नाही. ऊन पडलं की मागणी एकदम वाढते आणि कुजलेली मुळं ती पुरवू शकत नाहीत.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षं पाटाने भरमसाट पाणी दिलं गेलं, निचरा झाला नाही, आणि चांगल्या काळ्या जमिनी पाणथळ, क्षारपड झाल्या. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची, नसेल तर रानात पेरणी करायची नाही हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतं. कुंडी म्हणजे खाली एकच भोक असलेलं इवलंसं रान, तिथे तर वाफशाचं भान जास्तच ठेवायला हवं.

आता फरक. तहानलेल्या झाडाचं पान हाताला पातळ, कोरडं लागतं. ताण लांबला तर कडा तपकिरी होऊन कुरकुरतात. पाणी जास्त झालेल्या झाडाचं पान मऊ पडतं, खालची पानं आधी पिवळी होतात, आणि कधी कधी पान हिरवं असतानाच देठासकट गळतं. कळ्या दोन्हींत गळतात, फुलकिड्यांनीही गळतात, त्यामुळे कळीवरून निदान करायला जाऊ नका. खरं सांगायचं तर पानांवरूनही पूर्ण भरवसा ठेवू नये. सुरुवातीला ती फसवतात.

वेळ मात्र बरंच सांगते. भर उन्हात, माती ओली असतानाही, जास्वंद तात्पुरती मलूल होते, कारण मुळं पुरवठा करत असली तरी पानांतून उडणारं पाणी त्याहून जास्त असतं. ऊन उतरल्यावर ती आपोआप सावरते. अशा वेळी दुपारी पाणी घालण्याची गरज नसते, संध्याकाळपर्यंत थांबावं. सकाळी सातला, रात्रभर गारवा मिळूनही पानं लोंबलेलीच असतील, तर काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते मातीला विचारायचं.

वरची माती बघून निर्णय घेऊ नका. वाऱ्याने वरचा थर दोन तासांत वाळतो आणि खाली चिखल असतो. मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. कुंडी मोठी असेल तर बांबूची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा: काडी कोरडी, स्वच्छ निघाली तर तहान; काळी, ओली माती चिकटून आली आणि आंबूस वास आला तर पाणी जास्त झालंय. उचलता येण्याजोगी कुंडी असेल तर एका बाजूने जरा उचलून बघा. भरपूर पाणी दिल्यावर ती किती जड लागते हे हाताला एकदा कळलं की पुढे बोटही घालावं लागत नाही. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर माती बरेच दिवस ओलीच राहिली आहे असं धरा.

इथे एक मोठी फसगत होते, आणि ती काळ्या मातीत हमखास होते. शेतातून आणलेली काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. काठाला बोटाचं नख जाईल एवढी फट पडते. तुम्ही तांब्याभर पाणी ओतता, ते त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि भोकातून बाहेर येतं. तुम्हाला वाटतं, झाड पोटभर पाणी प्यालं. मधला मुळांचा गड्डा मात्र तसाच ठणठणीत कोरडा असतो. पूर्ण वाळलेलं कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) असंच पाणी झिडकारतं. अशा कुंडीला वरून पाणी घालत बसू नका. पाण्याने भरलेल्या घमेल्यात किंवा टबात अर्धा तास बुडवून ठेवा. बुडबुडे येणं थांबलं की बाहेर काढून निथळू द्या. तहान हेच कारण असेल तर काही तासांतच पानं उभी राहतात, आणि निदान बरोबर होतं याचा तो पुरावाच असतो.

पाणी जास्त झालेल्या झाडाचं काम इतकं सोपं नाही. आधी पाणी बंद करा, कुंडीखालची ताटली काढा, झाड सावलीत न्या. भोकात तार घालून बघा, बऱ्याचदा ते मुळांनी किंवा चिखलाने बुजलेलं असतं. चार-पाच दिवसांत काडी कोरडी येऊ लागली आणि पानं सुधारली तर बरं. नाहीतर झाड कुंडीतून बाहेर काढावं लागतं. चांगलं मूळ पांढरट, भरीव, दाबलं तर टणक असतं. कुजलेलं मूळ काळपट असतं. दोन बोटांत धरून हलकं ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात आतला बारीक दोरा तेवढा राहतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका. मुळं जेवढी गेली त्या मानाने वरच्या फांद्याही छाटा, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार येत नाही.

नवी कुंडी मोठी घेऊ नका. थोड्या मुळांभोवती जास्त माती म्हणजे पुन्हा न सुकणारं ओलं रान. मिश्रणात नुसती काळी माती नको. पन्हाळा, राधानगरीकडची तांबडी माती, कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि भाताचं तूस किंवा विटांचा चुरा घातला की निचरा सुधारतो. तळाशी दगड-खापऱ्यांचा थर द्यायची पद्धत मात्र मला पटत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांमध्ये सहज उतरत नाही, थराच्या वर थबकून राहतं. म्हणजे ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी ठेवली तर पुरे.

पाणी द्यायची खरी रीत दोन्ही अवस्थांना टाळते: काडी कोरडी आली की भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश, भरपूर द्यायचं, आणि अर्ध्या तासाने ताटलीतलं ओतून टाकायचं. रोज सकाळी पेलाभर शिंपडल्याने वरची दोन बोटं तेवढी भिजतात. "किती दिवसांनी घालू?" याला एक उत्तर नाही. मे महिन्यात मातीच्या लहान कुंडीला रोज, कधी दोनदा लागतं. थंडीत तीच कुंडी तीन-चार दिवस थांबते. प्लास्टिकची त्याहून जास्त.

पावसाळ्यात उलटीही चूक होते. बाहेर धो धो पाऊस, म्हणून गॅलरीतल्या कुंडीकडे कोणी बघत नाही, पण छपराखाली तिला थेंबही मिळत नाही. गच्चीवरची दाट जास्वंदही पानांच्या छत्रीने हलका पाऊस कुंडीबाहेर टाकते. तेव्हा जुलैतही काडी घालून बघा.

मुळं कापून लावलेल्या झाडाला खत लगेच नको. नवे कोंब फुटून पानं उलगडल्यावर मूठभर कंपोस्टने सुरुवात करा. त्याआधी दिलेलं युरिया किंवा डीएपीसारखं रासायनिक खत राहिलेली मुळंही जाळतं.