कापूस खाली, दारूगोळा वर

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये उडालेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा विषय निघाला की गाडी लगेच त्यावरच्या सोन्याच्या विटांवर येते. जहाज कशामुळे गेलं हे समजून घ्यायचं तर दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल भरायच्या कप्प्यात डोकवायला हवं.

पाणबुड्यांनी बुडवलेल्या मालवाहू जहाजांची तूट भरून काढायला एकाच नकाशावरून भराभर जहाजं बांधली जात होती, त्यांतलं हे एक. कॅनडातल्या प्रिन्स रूपर्टला 1942 मध्ये तयार झालं. नोंद 7,142 टनांची. हा टन वजनाचा नसून आतल्या जागेचा, दर 100 घनफुटांना एक. वाफेचं इंजिन सुमारे 2,500 अश्वशक्तीचं, वेग जेमतेम 11 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 20 किलोमीटर. होल्डला मध्ये एक पोटमजला असतो, त्याला ट्वीन-डेक म्हणतात. पुढचं सगळं या पोटमजल्यामुळे घडलं.

24 फेब्रुवारी 1944 ला जहाज इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात 1,395 टन स्फोटकं आणि दारूगोळा. त्यात 238 टन सर्वांत संवेदनशील ‘ए’ वर्गातली. कराचीत काही माल उतरला आणि मोकळ्या जागेत कापसाच्या 8,700 गाठी, वंगणतेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड, मासळीचं खत असं हाताला लागेल ते भरलं गेलं. दोन नंबरच्या होल्डमध्ये तळाशी कापूस आणि वरच्या पोटमजल्यावर स्फोटकं, अशी रचना झाली. चुलीवर फळी टाकून तिच्यावर फटाके वाळत घालावेत, तसंच हे. युद्धात जागा वाया घालवायची नाही, एवढंच त्याचं समर्थन.

12 एप्रिलला जहाज मुंबईला लागलं. धोक्याच्या मालाचा लाल बावटा चढवला नव्हता आणि स्फोटकं उतरवायला उशीर झाला. 14 तारखेला दुपारी दोनच्या सुमारास होल्डमधून धूर येताना दिसला. आग बहुधा कापसाच्या गाठींत लागली असावी, असं चौकशीत निघालं.

कापसाची आग विझवणं का अवघड, हे जिनिंगवाल्याला विचारा. सरकीपासून वेगळ्या केलेल्या कच्च्या रुईच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. औषधांच्या दुकानातला कापूस पाणी लगेच शोषतो, कारण त्याचं मेण काढलेलं असतं; कच्च्या रुईचा बोळा मात्र पाण्यावर बराच वेळ तरंगत राहतो. करून पाहा. त्यातून गाठ दाबून बांधलेली. वरून पाण्याचा मारा केला तर बाहेरचा थर भिजतो, आत अडकलेल्या हवेवर गाभा धुमसत राहतो. दाबलेली असली तरी गाठ पाण्यापेक्षा हलकीच.

बंबांनी 900 टनांहून जास्त पाणी आत ओतलं. दाट धुरामुळे आग नेमकी कुठे आहे हे दिसत नव्हतं, त्यामुळे पाणी अंदाजानंच पडत होतं. ते तळाशी साचलं, तापलं, उकळू लागलं. आणि पाण्याची पातळी चढली की तरंगणाऱ्या, धुमसत्या गाठीही वर चढतात, म्हणजे इथे थेट पोटमजल्याकडे. आग विझवण्याचा उपायच आगीला दारूगोळ्याजवळ नेणारा ठरतो.

दुसरा उपाय जहाजावरच होता: हॅच, म्हणजे होल्डची वरची तोंडं, बंद करायची आणि बॉयलरची वाफ होल्डमध्ये सोडायची. एक लिटर पाण्याची साधारण 1,700 लिटर वाफ होते. ती हवा बाहेर ढकलते आणि ज्वाला गुदमरते. धुमसता गाभा तेवढ्यानं लगेच विझला असता असं नाही, पण वेळ मिळाला असता, आणि गाठी होत्या तिथेच राहिल्या असत्या. हा उपाय केलाच गेला नाही. चौकशीत ठपका ठेवला गेला तो यावरही, आणि अग्निशमन दलाला उशिरा कळवल्यावरही.

3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. 12 किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. मागचा भाग 4 वाजून 34 मिनिटांनी उडाला. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर दोन्ही धक्के उमटले. पेटलेल्या गाठी आसपासच्या वस्त्यांवर पडल्या आणि आग गोदीबाहेर गेली. आजूबाजूची 11 जहाजं बुडाली किंवा बुडायला आली. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. एकूण मृतांचा आकडा 800 ते 1,300 असा सांगितला जातो.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. पुढे 8,000 माणसं सात महिने राबली आणि सुमारे 5 लाख टन ढिगारा उपसून गोदी मोकळी केली.