कोपऱ्यातलं ‘गुणी’ कुत्रं

ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. शेल्टरमधून सात महिन्यांची कुत्री दत्तक आणून त्यांना तीन दिवस झाले होते. “इतकी गुणी आहे म्हणून सांगू! भुंकत नाही, चपला चावत नाही, ठेवलं तिथे बसून राहते. काल नखं कापली तरी हूं की चूं नाही.” मी विचारलं, खाते का? तर म्हणे, रात्री सगळे झोपले की ताटली रिकामी होते. शेपूट? पोटाखाली. बसते कुठे? सोफ्यामागे, भिंतीकडे तोंड करून.

गुणी कशाची, ती गोठली होती. घाबरलेला प्राणी पळतो किंवा अंगावर येतो एवढं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. ‘हलायचंच नाही’ हा तिसरा मार्ग मात्र आपण विसरतो, कारण तो आपल्या सोयीचा असतो. अशा कुत्र्याकडे नीट पाहिलं तर खुणा दिसतात. ते उगाचच ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभया देतं, मान न वळवता नुसते डोळे फिरवतं आणि मग डोळ्यांच्या कडेला पांढरी कोर दिसते. शरीराच्या आतही गडबड चाललेली असते. 1997 साली एका अभ्यासात शेल्टरमधल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल मोजलं होतं. कॉर्टिसॉल म्हणजे ताण आला की अधिवृक्क ग्रंथी सोडतात ते संप्रेरक. पहिल्या तीन दिवसांत त्याचं प्रमाण घरात राहणाऱ्या कुत्र्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. तिथे कुठे जरा रुळावं, तर आपण उचलून पुन्हा नव्या जागी नेतो! जागा कितीही प्रेमाची असली तरी कुत्र्याला ते पहिल्या दिवशी कळणार कसं?

पण कॉर्टिसॉलपेक्षा मला खरी गंमत वाटते ती या गप्प बसण्याचीच. त्याची गोष्ट जुनी आहे आणि थोडी क्रूर आहे.

1967 मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आठ-आठ कुत्र्यांचे तीन गट होते. पहिल्या गटाला विजेचे झटके बसत, पण डोक्याजवळची पट्टी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला तितकेच आणि तेवढाच वेळ झटके बसत, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. तिसऱ्या गटाला झटकेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एका दुभागलेल्या पेटीत सोडलं. मधला बुटका अडसर ओलांडला की झटक्यातून सुटका, इतकं सोपं. पहिल्या गटातली सगळी कुत्री ते शिकली. दुसऱ्या गटातल्या 8 पैकी 6 कुत्र्यांना ते जवळजवळ जमलंच नाही. बहुतेक वेळा ती जागेवरच झटका सोसत राहिली. दोन्ही गटांनी सारखाच त्रास सोसला होता, फरक फक्त ‘माझ्या करण्याने काही होतं का’ एवढाच होता. या अवस्थेला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं आणि ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं.

मला आवडणारी गोष्ट पुढची आहे. जवळपास पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. असहायता शिकावी लागतच नाही. दीर्घ त्रासाला मेंदूचं मूळचं उत्तर तेच असतं. शिकावं लागतं ते नियंत्रण.

हे कळलं उंदरांच्या मेंदूतून. आता थोडं बारकाईने वाचा. मेंदूच्या देठात डॉर्सल राफे नावाचा पेशींचा पुंजका आहे. त्रास लांबला की इथल्या, सेरोटोनिन नावाचं निरोप्या रसायन बनवणाऱ्या पेशी जोरात पेटतात. त्यांचे धागे दोन ठिकाणी पोचतात. एक टोक भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालात जातं आणि भीती वाढवतं. दुसरं मध्यमेंदूच्या करड्या द्रव्यात जातं आणि पळण्या-लढण्याची यंत्रणा दाबून टाकतं. म्हणजे भीती वाढते आणि हालचाल बंद होते, सोफ्यामागच्या कुत्रीचं वर्णनच जणू! याला लगाम घालणारा भाग कपाळामागे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या खालच्या-आतल्या बाजूला असतो. ‘मी हे केलं आणि ते थांबलं’ ही जोडी त्याच्या ध्यानात आली की तो राफेतल्या शामक पेशींना निरोप धाडतो आणि त्या सेरोटोनिनवाल्या पेशींना गप्प करतात. 2005 मध्ये प्रयोगशाळेत औषध टोचून हा कपाळामागचा भाग तात्पुरता बंद केला, तेव्हा ज्या उंदरांच्या हातात झटका थांबवणं होतं तेही असहाय उंदरांसारखे वागू लागले. शिवाय हा रस्ता एकदा वापरात आला की पुढच्या, अगदी न टाळता येणाऱ्या त्रासातही उपयोगी पडतो. एक प्रकारची लसच.

(सेरोटोनिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणून गोळ्या-थेंब विकणाऱ्यांनी ही वाट एकदा बोटाने गिरवून पाहावी. कुठलंही रसायन मुळात सुखाचं किंवा दुःखाचं नसतं. ते कुठे सुटतं, त्यावर सगळं.)

ताईंना हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तिच्या करण्याने काहीतरी घडतं असं तिला दिवसातून पन्नासदा दिसू द्या. सोफ्यामागची जागा तिचीच, तिथे हात घालायचा नाही. खाऊ हातातून भरवू नका, तिच्या पलीकडे टाका, म्हणजे खाण्यासाठी तुमच्यापासून लांब जाता येईल आणि मग हवं तर परत येता येईल. तीन सेकंद कुरवाळा आणि हात काढून घ्या. ती पुढे सरकली तर पुन्हा, तोंड वळवलं तर पुरे. तिने मान फिरवली आणि हात खरोखर थांबला, हीच तिची प्रयोगातली पट्टी. फिरायला गेल्यावर ती ज्या वस्तूला बिचकते तिच्याकडे पट्ट्याने ओढत नेऊ नका. सेलिगमन-मायरनी आपल्या काही कुत्र्यांना ओढूनच बरं केलं होतं हे खरं, पण ते झटक्यातून बाहेर ओढत होते. आपण ओढतो ते थेट भीतीत.

मग नेहमीचा प्रश्न आला, “घाबरलेली असताना जवळ घेतलं तर भित्री होईल ना?” ती स्वतः जवळ येत असेल तर खुशाल घ्या. भीती ही भावना आहे, खाऊसाठी केलेली युक्ती नव्हे. आणि ‘तिला दाखवून द्या घरात मालक कोण’ हा सल्ला तर केराच्या टोपलीतच टाका. तो 1947 च्या एका निरीक्षणावरून निघाला. एकमेकांना अनोळखी लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडले होते आणि ते भांडले. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. ‘अल्फा’, म्हणजे कळपावर दादागिरी करणारा म्होरक्या, हा शब्द लोकप्रिय करणाऱ्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच तो पुढे मागे घेतला. रात्री ती विव्हळली तर अपशकुन म्हणणारंही कुणी भेटेल. तिला कुणाचं मरण दिसत नसतं, ती एकटी पडलेली असते. अंथरूण तुमच्या खोलीच्या दाराशी आणा.

वयाचंही एक आहे. माणसं, आवाज, जिने, गाड्या हे सारं ‘नेहमीचं’ म्हणून मेंदूत नोंदवायचा सगळ्यात सोपा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात असतो. सात महिन्यांच्या कुत्रीचा तो कधीच सरला. शिकता येतं, पण हळूहळू, आणि काही भीती बुजरेपणा होऊन राहतेच. ती नीट खात नसेल तर वाट न पाहता पशुवैद्यांना दाखवायला हवं, कारण दुखणारं पोटही असंच गप्प बसतं.

महिन्याभराने ताईंचा पुन्हा फोन. या वेळी तक्रार होती. “बिघडली हो! केरसुणीवर भुंकते. मोजा पळवला. काल मी फोनवर होते, तर रिकामी ताटली पंजाने ढकलत माझ्या पायाशी आणली आणि वर भुंकली.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार, भरली!”